चिमट्याची जीभ

गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला घरातलं सगळं कळतं, असं लोक म्हणतात. मी आमच्या बेकरीच्या गल्ल्यावर इतकी वर्षं बसले आहे की काउंटरची कड माझ्या कोपरांच्या जागी गुळगुळीत झाली आहे, आणि तरी मला सांगायला लाज वाटत नाही की घरातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या नाकासमोरून कैक वेळा गेली आणि मला दिसली नाही.

बेकरी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. हिशेब माझा. घर वहिनीचं. आणि भट्टी माझ्या भाच्याची. काथवटीपर्यंत हात पोचत नव्हता तेव्हापासून तो टाचा उंचावून मळलेल्या पिठाची चिमूट तोडून तोंडात टाकायचा, म्हणून त्याचं नाव चिमट्या. आता अठ्ठावीस वर्षांचा आहे, दारातून आत येताना खांदे तिरके करतो, तरी चिमट्याच.

आमच्याकडे सगळं तोलून मापून चालतं. मैदा तोलून, यीस्ट तोलून, पाणी मापून. मीठ मात्र कधी तोललं नाही. ते पाण्यात विरघळवायचं, पिठात अंदाजानं ओतायचं, मळायचं, चिमूटभर पीठ चाखायचं, लागलं तर आणखी ओतायचं. आमच्या वडिलांचं म्हणणं असं, की हवा बदलते, मैदा बदलतो, जीभ बदलत नाही. म्हणून मीठ जिभेनं घालायचं. वडिलांनंतर ही जीभ दादाकडे आली. काही वर्षांपूर्वी दादा मोठ्या तापातून उठला आणि त्याच आठवड्यात त्यानं ती पोराच्या हवाली केली. "आता तू चाख. मी पुष्कळ चाखलं," म्हणाला. एवढ्या मोठ्या मनाचा बाप मी पाहिला नव्हता. तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

दादा तसा मोठ्या मनाचाच. जेवताना पहिला घास घशाखाली उतरायच्या आधी "झकास" म्हणणार. वहिनीनं एकदा गडबडीत साखरेऐवजी चहात मीठ घातलं, तर हा अख्खा कप प्यायला आणि वर "झकास" म्हणाला. वहिनी ती गोष्ट तीन गल्ल्यांत सांगून आली. "इतक्या वर्षांनीसुद्धा माझं मन मोडवत नाही त्यांना," असं म्हणताना ती अजून पदराशी चाळा करते.

तर वहिनीचा गुडघा दुखायला लागला आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं.

वहिनीला दवाखान्याचं भय. बाकावर बसून राहिली, पण दंडाला तो बीपी मोजायचा पट्टा बांधू देईना. "आवळतो तो मेला," म्हणाली.

"अगं आई, काही होत नाही. हे बघ." चिमट्यानं स्वतःचाच हात पुढे केला.

डॉक्टरीण चिमट्याच्या शाळेतली, त्याच्याच बाकावरची. गणिताच्या तासाला तो तिचं बघून लिहायचा. तिनं हसत हसत पट्टा बांधला. यंत्र गुरगुरलं, सुस्कारा टाकून थांबलं. तिनं आकडा पाहिला, चिमट्याकडे पाहिलं, आणि यंत्रावर बोटानं टकटक केलं.

"जिना धावत चढलास?"

"चालत."

"भांडून आलायस कुणाशी?"

"आत्या बरोबर आहे माझ्या."

"मग पाच मिनिटं गप्प बस. आत्या, तुम्हीसुद्धा."

पाच मिनिटं मी गप्प बसले. दुसऱ्या वेळी आकडा थोडा खाली आला, पण थोडाच. वरचा दीडशेच्या पुढे, खालचा शंभराला टेकलेला. वहिनीचा गुडघा बिचारा त्या दिवशी तपासायचाच राहिला.

एकदा मोजून काही ठरत नाही म्हणून तिनं यंत्र घरी दिलं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं, आकडा तोच. रक्त, लघवी, सगळं तपासून झालं. "बाकी सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "पण हा आकडा असाच राहिला, तर बाकीचं फार दिवस ठीक राहणार नाही. काय खातोस?"

"घरचंच. साधं."

"आणि मोडकी बिस्किटं," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला पोलिसात दिलं. पण खरं ते खरं. आमची खारी बिस्किटं भट्टीतून निघताना पाच-पन्नास मोडतातच. अख्खं बिस्किट विकलं जातं. मोडकं कुठेच मांडलं जात नाही. ते चहाबरोबर जातं, गप्पांबरोबर जातं, नुसतं हात रिकामा आहे म्हणून जातं. चिमट्याचा समज असा, की जे कुठे मांडलं नाही ते खाल्लंच नाही. ते सगळं त्याच्या रक्तात मांडलं जात होतं, तेही नीट, कुठेही खाडाखोड नाही.

"तीन महिने देते," डॉक्टरीण म्हणाली. "मीठ कमी. रोज घाम येईपर्यंत चालणं किंवा सायकल. पोट थोडं आत. झोप सलग. आणि ती सिगारेट बंद."

"सिगारेट?" गुडघा विसरून वहिनी ताडकन उभी राहिली.

"एखादीच, आई. भट्टीमागे."

"भट्टीमागे! मी म्हणते, भट्टीला एवढा धूर का!"

डॉक्टरीण जीभ चावून गप्प झाली. मग वहिनीचा आवाज खाली आल्यावर हळूच म्हणाली, "तीन महिन्यांनी आकडा उतरला नाही तर गोळी सुरू करू. आणि गोळी म्हणजे शिक्षा नव्हे, कळलं का? पण आधी तू तुझा वाटा उचल."

दादाला हे पटेना. "बीपी? या वयात? अरे, मला नाही अजून."

"तुम्ही कधी मोजलंय का?" वहिनीनं विचारलं.

"नाही मोजलं, म्हणूनच नाही."

पण माणूस बोलतो एक आणि करतो दुसरं. दुसऱ्याच दिवसापासून पहाटेची पहिली भट्टी, रात्री चिमट्यानं मळून ठेवलेल्या पिठाची, दादानं स्वतःकडे घेतली, म्हणजे पोराला एका दमात झोपता यावं. बेकरीवाल्याची झोप तुकड्यातुकड्यांची असते, तीही मोडक्या बिस्किटांसारखी. माळ्यावर गंजत पडलेली सायकल उतरवली, तेल पाजलं, आणि दुकानांना पाव पोचवायला चिमट्या स्कूटरऐवजी तिच्यावरून जाऊ लागला. पहिल्या चढावर उतरून ढकलायचा. शाळेत निघालेली पोरं मागून ढकलायला यायची आणि फुकटचा सल्ला द्यायची. वहिनीनं मिठाचं भांडं जेवणाच्या टेबलावरून उचलून फडताळात नेलं आणि त्याच्या जागी लिंबू आणि मिरपूड मांडली. मोडकी बिस्किटं मी पत्र्याच्या डब्यात घातली, डब्याला कुलूप लावलं, आणि किल्ली कमरेला.

"आत्या, तू तुरुंगात नोकरी करायला हवी होतीस," चिमट्या म्हणाला.

"करतेच आहे. कैदी एकच आहे, पण खादाड."

पहिले काही आठवडे त्याचं तोंड उतरलेलं. "ओल्या पुठ्ठ्यालासुद्धा याहून चव असते," असं सूप पिताना म्हणायचा. वहिनी म्हणायची, "मग पुठ्ठा आण, शिजवते." त्या काळात मला त्याची खरोखर कीव आली. एकदा तर किल्ली कमरेवरून निघून हातात आली होती, पण परत गेली.

आणि मग एक दिवस जेवताना तो चमचा खाली ठेवून म्हणाला, "आई, सूप खारट झालंय."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी चाखलं. सूप रोजचंच होतं, उलट मला जरा सपक वाटलं. दादा म्हणाला, "झकास आहे की."

"नाही बाबा, खारट आहे. आणि यातलं गाजर... आई, गाजर आपल्याकडे नेहमीच एवढं गोड असतं?" तो गाजराबद्दल असं बोलायला लागला, जसं त्या वयाची पोरं पोरीबद्दल बोलतात. वहिनी आधी रुसली, मग हसली. जीभ उघडली म्हणायची पोराची. आम्हाला केवढा आनंद झाला! आकडाही हळूहळू उतरत होता. मी मनातल्या मनात जमेच्या बाजूला एक मोठी रेघ ओढली.

शहाणी असते तर तिथेच थबकले असते. जी जीभ सुपाला खारट म्हणते, तीच जीभ काथवटीतल्या पिठाला काय म्हणणार? पण आमच्या घरात जीभ बदलत नाही ना.

पीठ माजायला लागलं. मिठाचं काम नुसतं चवीचं नसतं. ते फुगणाऱ्या पिठाला लगाम घालतं. लगाम दिवसेंदिवस सैल होत होता आणि चिमट्याला पत्ताच नव्हता. त्याच्या जिभेला रोजचं पीठ रोजच्यासारखंच लागत होतं. दादा म्हणाला, यीस्ट जोरदार आलंय. मग म्हणाला, उकाडा वाढलाय. मग गिरणीवाल्याला चार शब्द सुनावून आला. आणि एका सकाळी पीठ साच्यांच्या कडांवरून उतू गेलं, फळीवरून लोंबायला लागलं, आणि भट्टीतून जे पाव निघाले ते आधी पैलवानासारखे फुगलेले आणि बाहेरची हवा लागताच खांदे पाडून बसलेले. वर रंग नाही, आत दम नाही.

समोरची शिंपीणबाई पाव हातात घेऊन परत आली. तिच्या दातांत टाचणी होती, ती काढून म्हणाली, "हा पाव आहे की उशीचा कापूस? आणि आठ-पंधरा दिवस बघतेय मी, चव कुठे विसरून आलात?"

कोपऱ्यावरच्या खाणावळीनं तर निम्मा माल परत पाठवला. दादा पडेल चेहऱ्यानं परत आलेल्या पावांकडे बघत राहिला. चिमट्या काहीच बोलला नाही. पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो गप्प बसला की समजावं, याला उत्तर सापडलंय आणि ते आवडलेलं नाही.

दुपारी दुकान मिटल्यावर मी हिशेबाला बसले, तर आतून पत्रा वाजला. गेले. डब्याचं कुलूप तसंच होतं, बिजागरी मात्र पेचकसानं काढलेली, आणि चिमट्या उभ्या उभ्या मोडकी बिस्किटं तोंडात कोंबत होता. दोन्ही गाल भरलेले. मी तोंड उघडलं ते त्याची सालटी काढायलाच, पण त्याचे डोळे पाहिले आणि थांबले. आवडीनं खाणाऱ्याचे डोळे असे नसतात. काढा पिताना असतात तसे होते.

"काय चाललंय हे?"

"जीभ परत आणतोय." घास गिळून तो म्हणाला. "पाव मी बिघडवला, आत्या. पीठ चाखतो तर मला बरोबर लागतं. म्हणजे माझंच माप सरकलंय. पंधरा दिवस पूर्वीसारखं खाल्लं की येईल ठिकाणावर."

"आणि आकडा?"

"डॉक्टर गोळी देणारच आहे ना."

"गाढवा, गोळी बिस्किटांच्या भरपाईला नसते! दादाला चाखू दे की मग. पूर्वी तोच चाखायचा."

तो डब्यात बघत राहिला. हातातला तुकडा त्यानं परत आत ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला.

"बाबांना चव कळत नाही, आत्या."

"काय?"

"त्या तापापासून. वासही नाही, चवही नाही. मला एकट्याला सांगितलं. कुणाला बोलू नकोस म्हणाले, आईलासुद्धा नाही. लोक म्हणतील, ज्याला चव नाही त्याच्या हातचा पाव कोण खाणार? आता माझीही जीभ गेली, तर मीठ कोण घालणार? आणि मी इथे काय म्हणून राहायचं? मला दुसरं येतं काय? शाळेत गणित तर तुला माहीतच आहे."

मी पिठाच्या गोणीवर टेकले. दादाचं ते मोठं मन आजवर मी एका खात्यात मांडलेलं, ते उचलून दुसऱ्या खात्यात न्यायचं होतं, आणि ते खातं भीतीचं होतं. आणि हा पोरगा बापाची लाज राखायला स्वतःच्या रक्तवाहिन्यांत मीठ भरत उभा होता.

मी उठले, चहा टाकला. सगळ्यांना आत बोलावलं, कप हातात दिले. दादाच्या कपात साखर घातली नव्हती. दुसरं घातलं होतं, चांगलं दोन चमचे.

दादानं एक घोट घेतला. "झकास."

"वहिनी," मी म्हटलं, "जरा त्याच्या कपातला घोट घे."

वहिनीनं घेतला, आणि मोरीकडे पळाली. परत आली तेव्हा तोंड पुसत होती आणि एकटक दादाकडे पाहत होती. बाईला कळायला वेळ लागत नाही.

"अहो... म्हणजे तेव्हाचा तो चहासुद्धा?"

दादानं मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कपात.

"तीन गल्ल्यांत सांगून आलेय मी!" वहिनीचा आवाज चढला. "प्रेम म्हणून सांगितलंय!"

"प्रेम होतंच की," दादा म्हणाला. "चव नव्हती."

वहिनीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं, आणि मध्येच त्याच्या हातावर एक चापट मारली. दादाची नजर तेवढ्यात पोराच्या शर्टावरच्या चुऱ्याकडे गेली, मग उघड्या डब्याकडे. त्याला सांगावं लागलं नाही. चव गेली असली तरी डोकं शाबूत आहे.

"माझ्यापायी खात होतास?"

चिमट्या शर्ट झटकायला लागला.

दादा कप खाली ठेवून उठला आणि म्हणाला, "तो लहान तराजू आण."

"बाबा, मीठ तोलायचं? आजोबा म्हणायचे—"

"म्हणायचे, जीभ बदलत नाही. त्यांना खोटं पाडायला या घरात दोन जिभा लागल्या. एक गेलेली आणि एक आलेली. आण तराजू."

त्या दुपारी आम्ही पिठाचे छोटे छोटे गोळे केले, प्रत्येकात वेगळं मीठ, प्रत्येक वेळी तोलून, आणि वर बोटांनी खुणा. भाजून निघाले तेव्हा वहिनी चाखायला बसली, मी बसले, आणि शिंपीणबाईला समोरून हाक मारली. पहिला पाव तिनं खाऊन खाली ठेवला. दुसराही. तिसरा तोंडात घातल्यावर टाचण्यांची डबीच बाजूला सारली. "हा! हाच तुमचा पाव. हा सोडून इतके दिवस कुठं मरायला गेला होतात?"

चिमट्यानं तोच पाव चाखला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "एवढं मीठ? आपण सगळे रोज एवढं खात होतो?"

गिऱ्हाइकाला जे आवडतं ते त्याच्या पोटात जाऊन काय करतं, याचा विचार बेकरीवाल्यानं सहसा करायचा नसतो. पण आता घरातच एक आकडा येऊन बसला होता.

"हळूहळू उतरवू या का?" चिमट्या म्हणाला. "माझी जीभ कळत नकळत बदलली, तशीच लोकांची बदलेल. एकदम केलं तर ओरडतील. थोडं थोडं. पीठ माजू नये म्हणून पाणी गार घेईन, यीस्ट कमी करीन, फुगायला जास्त वेळ देईन. ते मी बघतो."

दादानं शिंपीणबाईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. ती रस्ता ओलांडत होती, उरलेला पाव खात. "हिला कळता कामा नये," तो म्हणाला. त्याचा होकार असाच असतो.

मला काय येतं, असं विचारणारा पोरगा तेव्हापासून सकाळी पाण्यात बोट बुडवून गारवा बघतो, पिठावर तळहात ठेवून ते किती चढलं ते ओळखतो, आणि मीठ तराजूत ओतताना शीळ घालतो. जिभेचं काम तराजूनं घेतलं तर याला रिकामं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट तो मोकळा झाला. स्वतःसाठी एक छोटा पाव वेगळा करतो, जवळजवळ अळणी, आणि ओळखू यावा म्हणून त्यावर अंगठा दाबून खड्डा पाडतो.

तीन महिने भरले तेव्हा आम्ही चौघेही दवाखान्यात गेलो. निमित्त वहिनीच्या गुडघ्याचं. चिमट्यानं हात पुढे केला आणि मी आपण होऊन गप्प बसले. यंत्र गुरगुरलं, थांबलं.

"उतरलाय," डॉक्टरीण म्हणाली. "चांगला उतरलाय. जिथे हवा तिथे अजून पोचला नाही, पण वाट बरोबर आहे. गोळी आत्ता नको. पण आकडा उतरला म्हणून पथ्य सोडलंस, तर गाठ माझ्याशी आहे. घरी मोजत राहा, महिन्यानं ये."

चिमट्या पट्टा सोडवून उठला. वहिनीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि तेवढ्यात, कुणी न सांगता, दादानं बाही वर केली आणि मुलाच्या जागी जाऊन बसला.

"तुम्ही?" वहिनी म्हणाली.

"पोरानं माझ्यासाठी बिस्किटं खाल्ली. मी त्याच्यासाठी हात आवळून घेऊ शकत नाही?"

पट्टा फुगला. आकडा यायच्या आधीच दादा म्हणाला, "झकास."

डॉक्टरिणीनं यंत्राकडे पाहिलं. "झकास नाही, काका."

अजिबात नव्हता. चिमट्याचा कधी चढला नव्हता इतका चढलेला. बापानं लेकाला बऱ्याच वर्षांनी कशात तरी मागे टाकलं. पुन्हा मोजला, तपासण्या झाल्या, आणि दादाला मात्र गोळी लागली. तो ती रोज सकाळी पाण्याबरोबर घेतो आणि सवयीनं मान डोलावतो, जणू आम्ही काही खास रांधून घातलंय.

आता दुपारी चढावर चिमट्या सायकलवरून उतरतो ते दम लागला म्हणून नाही. दादा बरोबर चालत असतो, त्याच्यासाठी उतरतो. एक हात हँडलवर आणि एक बापाच्या पाठीवर. शाळेतली पोरं अजून सल्ला देतात.

भट्टीतून आता अंगठ्याचे खड्डे पडलेले दोन पाव निघतात. मी दादाला चिडवते, की ज्याला चवच कळत नाही त्यानं मीठ सोडलं, यात मोठा त्याग तो कसला? हे म्हणजे टकल्यानं कंगवा सोडल्यासारखं. तो माझ्याकडे लक्ष देत नाही. पाव मोडतो, तोंडात टाकतो.

"झकास."

"बाबा, आता तरी खरं सांगा," चिमट्या म्हणतो. "काही लागतंय का?"

"गरम लागतंय," दादा म्हणतो. "कडेला कुरकुरीत आहे. आत मऊ आहे. फुगलाय बरोबर." आणि दुसरा तुकडा मोडतो. "मग झकास नाही तर काय म्हणू?"